समजाबाईंचा प्रश्न

आमच्या केंद्रात बाईंना नावाने कोणीच हाक मारत नाही. समोर असल्या की 'बाई', पाठ फिरली की 'समजाबाई'. कारण त्यांचा प्रत्येक दुसरा प्रश्न 'समजा'ने सुरू होतो. शिपायाकडे चहासुद्धा त्या "समजा, मला आत्ता चहा मिळाला" असं म्हणून मागतात, ही आवई खुद्द आमच्या साहेबांनी उठवली होती. बाईंनी ती ऐकली आणि मनापासून हसल्या. त्यांच्यावर राग धरणं अवघड जायचं, आणि मला तर तो बऱ्याचदा धरायचा असायचा.

केंद्र म्हणजे एका जुन्या दवाखान्याच्या वरचा मजला. घरात ज्यांचं जमत नाही, ज्यांना मार बसतो, जे मारतात, ज्यांच्यावर कोणाची तरी देखभाल येऊन पडली आहे आणि झेपत नाही, असे सगळे जिना चढून आमच्याकडे येतात. बोलायची खोली एकच. तीन खुर्च्या, एक बुटकं टेबल, त्यावर कागदी रुमालांचा डबा. भिंतीवरचं घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागे टांगलेलं, म्हणजे वेळ आम्हाला दिसते, त्याला दिसत नाही. असल्या बारीकसारीक लबाड्यांवर आमचा धंदा चालतो.

बाई या कामात आल्या तेव्हा मुळं खणायची पद्धत होती. आजचं दुखणं म्हणजे लहानपणीचं काहीतरी, ते शोधून काढा, असं शिकवलेलं. त्या काळात एक बाई घरमालकाने पाणी तोडलं म्हणून तक्रार घेऊन आली होती. आमच्या बाईंनी तिला आईशी तुझं कसं होतं ते विचारलं. ती बिचारी तासभर आईबद्दल बोलली, रडली आणि तशीच कोरड्या घरी परत गेली. हा किस्सा बाई स्वतःच सांगायच्या. पुढे छोटी छोटी कामं ठरवून द्यायची पद्धत आली, मग सगळ्या कुटुंबाला एकत्र बसवायची, आणि मग कधीतरी एका प्रशिक्षणात त्यांना तो प्रश्न भेटला. समजा, आज तुम्ही झोपलात, झोपेत एक चमत्कार झाला आणि तुमची अडचण पार मिटली. सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी तुम्हाला काय वेगळं दिसेल? माणूस उत्तर देतो. मग आपण फक्त 'आणखी काय?' असं विचारत राहायचं. का, कसं, कोणाची चूक, काही नाही. माणूस बोलता बोलता स्वतःच आपली वाट दाखवतो, असं त्यामागचं म्हणणं.

बाईंनी हा प्रश्न आधी घरी नवऱ्यावर वापरून पाहिला. तो म्हणाला, नळ गळत नसेल. आणखी काय, असं त्यांनी विचारल्यावर त्याने शांतपणे पायात चपला घातल्या आणि प्लंबरला घेऊन आला. बाई म्हणायच्या, बघ, लागू पडतो की नाही.

मी वेगळ्या मुशीतली. मला शिकवलं गेलं ते असं, की आधी धोका मोजा आणि तो असेल तर बोलत बसू नका, पाऊल उचला. पाण्यात बुडणाऱ्याला पोहण्याबद्दल काय वाटतं हे विचारू नये. बाई मला 'आगीचा बंब' म्हणायच्या. मी त्यांना मनातल्या मनात काय म्हणायचे ते जाऊ दे. आमची भांडणं जेवणाच्या डब्यावर व्हायची आणि डबा संपला की संपायची. फरक एवढाच, की त्या समोरच्याला आपलं मत कधीही सांगत नसत. मी काय करू, असं कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, तुम्हाला काय वाटतं? इतक्या वर्षांत एकाही माणसाला बाईंकडून सल्ला मिळाला नव्हता. मला ते चुकारपणाचं वाटायचं.

काचवाला आला तो एका सकाळी. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम करणारा, पन्नाशीला टेकलेला, एकटा माणूस. त्याचे वडील शाळेत कवायतीचे मास्तर होते. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू गेली होती आणि वर्ष उलटून गेलं तरी ते अंथरुणावर होते. खालच्या दवाखान्यातून घरी तपासायला जाणाऱ्या नर्सने मास्तरांच्या मनगटावर काळेनिळे वळ पाहिले आणि मुलाला वर पाठवलं. आमच्याकडे नियम आहे. अंगावर खुणा सापडल्या असतील तर खोलीत दोघींनी बसायचं. एकीने बोलायचं, दुसरीने दाराजवळच्या खुर्चीत बसून फक्त पाहायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही. त्या दिवशी बोलणाऱ्या बाई होत्या आणि दाराजवळ मी.

हा मुलगा बापाला मारतो का, मारत असेल तर म्हातारा आज त्या घरात सुरक्षित आहे का, एवढंच मला शोधायचं होतं. तसं असेल तर वृद्धांच्या संरक्षणाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला लगेच कळवायचं आणि मास्तरांना तिथून हलवायचं. अधिकाऱ्याचा नंबर माझ्या फोनवर तयार होता.

काचवाला अगदी स्वच्छ कपड्यात आला होता. बोटांची टोकं मात्र घासून घासून गुळगुळीत झालेली. वळांबद्दल त्याने लपवाछपवी केली नाही. बाबा डाव्या हाताने स्वतःच्या तोंडात मारून घेतात, तेव्हा मी त्यांचं मनगट धरतो, म्हणाला. जोरात धरावं लागतं. त्यांच्या त्या हातात अजून फार ताकद आहे. हे त्याने खाली मान घालून सांगितलं. मला ते खरंही वाटलं आणि पाठ केल्यासारखंही.

मग बाईंनी आपला प्रश्न काढला. समजा, आज रात्री तुम्ही झोपलात. मी मनात म्हटलं, झालं सुरू.

त्याने बुटक्या टेबलाची कड बोटाने घासून पाहिली. मग म्हणाला, "घरात आवाज नसेल."

"आणखी काय?"

"बाबा हाक मारणार नाहीत." थांबला. "ते गेलेले असतील."

मी खुर्चीत ताठ झाले. बाईंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. भाजीचा भाव विचारावा तसं त्यांनी पुन्हा विचारलं, आणखी काय. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

काचवाला आता जरा मोकळा होऊन बोलू लागला, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं. सकाळी तो चहा करेल, एकट्यापुरता. खिडक्या उघडेल. मग बाबांची दाढी करेल. जिवंतपणी ते कोणाला गालाला हात लावू देत नाहीत, दाढी पार वाढली आहे, ते चांगले दिसत नाहीत. मग दुकानात फोन करून आज येत नाही म्हणून सांगेल. मग बसेल. हे सगळं त्याने इतकं बारकाईने सांगितलं, की ती सकाळ त्याने पुष्कळ वेळा पाहिलेली आहे हे कोणालाही कळलं असतं.

आमच्याकडे या प्रश्नाला जोडून आणखी एक विचारायची रीत आहे. शून्य म्हणजे ती सकाळ अगदी लांब, दहा म्हणजे ती उजाडली. आज तुम्ही किती आकड्यावर आहात? कोणी तीन म्हणतं, कोणी चार. मग चारवरून पाचवर जायला काय लागेल, असं पुढे नेता येतं. दारू सुटण्याची किंवा सुनेशी पटण्याची स्वप्नं पाहणाऱ्यांसाठी ही पद्धत उत्तम आहे. बाप मेलेला असेल अशा सकाळसाठी ती कोणी बनवली नव्हती. पण बाईंनी विचारलं.

"नऊ," काचवाला म्हणाला.

"आणि काल?"

"काल चार-पाच असेल."

 बाईंच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. त्या पद्धतीप्रमाणे पुढच्या प्रश्नाची जुळवाजुळव करत होत्या: चारवरून नऊवर कसे आलात? प्रश्न बरोबरच होता. पण त्या तो सावकाश, त्याला श्वास घेऊ देऊन विचारणार होत्या, कारण त्यांच्या मते खोलीतली शांतता हेसुद्धा काम करत असते. मला ती शांतता सहन होईना. नियम मोडून मी दाराजवळून बोलले.

"घरी आत्ता त्यांच्याजवळ कोण आहे?"

तो दचकला. मी खोलीत आहे हेच तो विसरला होता. बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही, बाळाला झोप लागता लागता कोणीतरी भांडं पाडावं तशी.

"कोणी नाही," तो म्हणाला. "कुलूप लावून आलोय."

आणि गप्प झाला. ओठ मिटले ते मिटलेच. मी आणखी काही विचारलं असतं तर तो उठून गेला असता, एवढं मलाही दिसत होतं.  दार उघडलं होतं मी, पण आत जाता मला येत नव्हतं.

बाई पुढे झुकल्या. त्यांनी नेहमीचंच विचारलं, पण त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खाली होता.

"आणखी काय?"

"गोळ्यांची बाटली त्यांच्या हाताशी ठेवून आलोय," काचवाला म्हणाला. "रोज मागतात. म्हणतात, तुला काही करायला लावत नाही, तू फक्त ठेव आणि जा. आज इथली वेळ मिळाली होती. म्हणून ठेवली."

मी फोन लावतच जिन्याकडे धावले. रुग्णवाहिका मागवली, पत्ता काचवाल्याने मागून ओरडून सांगितला. किल्ली एकच आणि ती त्याच्या खिशात, त्यामुळे शेजाऱ्यांना सांगूनही उपयोग नव्हता.  रस्त्यावर टॅक्सी मिळाली. काचवाला पुढे बसला, आम्ही दोघी मागे. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा चालक रेडिओ लावायला गेला आणि बाईंनी त्याचा हात धरून बाजूला केला.  मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता, की रडूच येत होतं. आकडे विचारत बसल्या होत्या.

त्याच्या इमारतीचा जिना अरुंद होता. मधल्या वळणावर काचवाला थांबला आणि भिंतीला टेकला.  किल्ली माझ्यापुढे धरून म्हणाला, तुम्हीच बघा. मी किल्ली घेऊन वर पळाले. कुलपात ती फिरेना. हाताला घाम, किल्ली निसटून खाली पडली, पुन्हा घातली, पुन्हा फिरेना. खालून त्याचा आवाज आला, दार जरा आपल्याकडे ओढून घ्या. ओढलं तेव्हा उघडलं.

मास्तर पलंगावर अर्धे घसरलेले होते. पांढरी दाढी छातीपर्यंत आलेली, खालचा ओठ फाटून त्यातून रक्त येत होतं. कवळी पांघरुणावर पडली होती. डाव्या हातात बाटली छातीशी धरलेली. डोळे उघडे. ते माझ्याकडे इतक्या संतापाने पाहत होते, की जिवंत आहेत याबद्दल शंकाच उरली नाही.

मी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांनी ती सोडली, दमून गेले असावेत. बाटली भरलेली होती. झाकण जागच्या जागी होतं आणि त्याच्या कडेवर दातांच्या खुणा होत्या. असली झाकणं दाबून मग फिरवावी लागतात, दोन हात लागतात. मी दोन्ही हात लावून पाहिले. मलाही ते पहिल्या झटक्यात हललं नाही.

तोपर्यंत बाई काचवाल्याला कोपराला धरून वर घेऊन आल्या होत्या. तो उंबऱ्यातच उभा राहिला. मास्तरांनी त्याला पाहिलं. झटक्यानंतर त्यांची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते, आणि आवाज अजून मैदानावरचाच होता.

"झाकण कोणी लावलं?"

"मी," काचवाला म्हणाला.

"एवढं घट्ट?"

तो माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहत राहिला, ती जणू दुसऱ्याच कोणाची होती.

"उघड," मास्तर म्हणाले.

तो चालत आला आणि त्याने माझ्या हातातून बाटली घेतली. मी ती द्यायला नको होती. घट्ट धरायला हवी होती. पण तोपर्यंत ती त्याच्या हातात होती. मी पुढे झाले तशी बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. दुसरा हात त्यांनी बाटलीच्या दिशेने अर्धा पुढे केला होता. म्हणजे खात्री त्यांनाही नव्हती. काचवाल्याचा अंगठा झाकणावर गेला. त्याच्या त्या गुळगुळीत बोटांना असलं झाकण म्हणजे काहीच नव्हतं.

"नाही, बाबा," तो म्हणाला.

मास्तरांनी मान वळेल तेवढी भिंतीकडे वळवली. बाटली बाईंच्या पर्समध्ये गेली. रुग्णवाहिका आली, डॉक्टर आले, अधिकाऱ्याला कळवायचं होतं ते मी कळवलंच. मास्तरांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, मुलाला काही करू नका, तो घाबरट आहे. त्यातल्या त्यात प्रेमाने म्हटलं असावं. त्यांना काही दिवस रुग्णालयात ठेवलं. झटक्यानंतर मनही आजारी पडतं आणि त्यावर औषध असतं, हे त्या घरात कोणी कधी बोललंच नव्हतं. उपचार सुरू झाले. दुपारी सांभाळायला एक माणूस मिळाला. ते आपोआप झालं नाही. बाई चार कार्यालयांत जाऊन बसल्या तेव्हा झालं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर बाईंचं कौतुक केलं. माणसातलं बळ शोधणारी पद्धत कशी असते ते यांच्याकडून शिका, वगैरे. बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मी तिथे आकडे विचारत बसले होते आणि तिकडे एक म्हातारा दातांनी झाकण ओढत होता. हिने तोंड उघडलं नसतं तर मी पूर्ण वेळ संपेपर्यंत तशीच बसले असते. साहेबांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. मला खरं तर सुखावून जायला हवं होतं. पण खोलीत मी होते. मी विचारल्यावर तो गप्प झाला होता. बाटलीचं त्याने मला सांगितलं नाही, त्यांना सांगितलं. माझ्या पद्धतीने मला फक्त कुलूपबंद दारापर्यंत नेलं असतं आणि किल्ली कोणत्या खिशात आहे हेही कळलं नसतं. जेवणाच्या वेळी मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, गप्प जेव.

काचवाला त्यानंतर पुष्कळदा आला. मास्तर त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत, मग ओरडू लागले. त्याने ते आनंदाने सांगितलं. शेवटच्या भेटीला नियमाप्रमाणे मी पुन्हा दाराजवळ होते. सगळं आवरत आलं होतं, तो उठलाही होता, आणि मग पुन्हा बसला.

"एक विचारू का?" तो म्हणाला. "ते झाकण मी त्या दिवशी मुद्दाम घट्ट लावलं होतं का, नेहमीच्या सवयीने लागलं, ते मला आठवत नाही. पुष्कळ आठवून बघितलं. रात्री तेच डोक्यात असतं. तुम्हाला काय वाटतं?"

मला बाईंचं उत्तर ठाऊक होतं. तुम्हाला काय वाटतं, असं त्या उलट विचारणार. पुढे त्यातून काय काय काढतील तेही मी सांगू शकले असते. तो पुढे झुकून वाट पाहत होता. रुमालांच्या डब्यावरचा त्याचा हात तसाच राहिला होता.

"मुद्दाम," बाई म्हणाल्या. "मला वाटतं, तुम्ही मुद्दाम लावलंत."

त्याने एकदा मान हलवली. मग पुन्हा हलवली. रुमाल घेतला नाही. दुपारचा माणूस लवकर जाणार आहे, निघायला हवं, असं म्हणून तो गेला. जिन्यावरची त्याची पावलं खालपर्यंत ऐकू आली.

मी दार लावलं आणि बाईंना विचारलं, तुम्हाला खरंच तसं वाटतं? त्या चष्मा काढून डोळे चोळत होत्या.

"मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "त्याला रोज त्या बापाशेजारी झोपायचंय."